सहा दिशा आणि बाळाचा पहिला सण



घरात मूल जन्मले की त्याचा पहिला सण कोणता, याचे उत्तर पूर्वी पंचांग देत असे आणि घरातली वडीलधारी बाई ते अमलात आणीत असे. १९५६ नंतर आपण ते पंचांग बाजूला ठेवले आणि आपल्या मुलांचे सण बदलले. देहूरोडसारख्या ठिकाणी तर या दिवसांची एक सलग माळच आहे. अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन हा तिचा पहिला मणी. त्यानंतर ६ डिसेंबर. हा सण नव्हे, स्मरणाचा दिवस. मग २५ डिसेंबर, जो देहूरोडचा आपला स्वतःचा दिवस आहे. मग १ जानेवारीला कोरेगावचा विजयस्तंभ आणि ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती. पावसाळ्यात वा त्याच्या आधी जन्मलेल्या बाळाला नवे पांढरे कपडे घालून, खांद्यावर घेऊन, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावश्या यांच्या गराड्यात पहिल्यांदा विहारात न्यायचे ते याच दिवसांत.

२५ डिसेंबरला देहूरोडचा दिवस का म्हणावे, हे तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती ब्रह्मदेशातून, रंगूनहून आलेली होती. नागपूरच्या दीक्षेला अजून जवळजवळ २२ महिने अवकाश होता. आपण सामान्य माणसासाठी बुद्धाच्या धम्मावर सोप्या भाषेत ग्रंथ लिहीत आहोत, असे त्यांनी त्या सभेत सांगितले. २७ वर्षांपूर्वी याच तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. एका तारखेला जुने जाळले आणि त्याच तारखेला नवे स्थापन केले. म्हणून देहूरोडचे बाळ त्या दिवशी विहारात नेणे ही घराघराची हौसच नव्हे, अभिमानाची गोष्ट आहे.

आता २०२० साल आठवा. मार्चमध्ये टाळेबंदी आली. लोकलगाड्या थांबल्या. १४ एप्रिलची जयंती आपण दारात, खिडकीत मेणबत्ती लावून केली. ७ मेची बुद्धपौर्णिमा घरात झाली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला सप्टेंबरच्या आरंभापर्यंत ई-पास लागत होता. दीक्षाभूमीवरचा सोहळा रद्द झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा, असे सांगण्यात आले आणि तेथील दर्शन दूरदर्शनवर व मोबाईलवर दाखविले गेले. १ जानेवारी २०२१ ला कोरेगावच्या बाबतीत तेच झाले. १६ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली होती हे खरे. पण ६५ वर्षांवरील वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी आणि १० वर्षांखालील मुलांनी घरातच राहावे, अशी सूचना कायम होती. याचा अर्थ नीट पाहा. घरातल्या ज्या दोन माणसांना एकमेकांची सर्वांत जास्त ओढ असते, ती म्हणजे आजी आणि नातवंड, नेमकी त्याच दोघांना घराबाहेर पडण्याची मनाई होती.

तेव्हा बाळाचे नामकरण मोबाईलवर झाले. बौद्धाचार्य एका घरात, बाळ दुसऱ्या घरात, आजोळ तिसऱ्या जिल्ह्यात. पहिले धम्मचक्र प्रवर्तन मोबाईलवर, पहिला २५ डिसेंबर मोबाईलवर. ती मुले आज शाळेत जाऊ लागली आहेत. परंतु त्यांच्या आईवडिलांच्या मनातली एक रुखरुख अजून गेलेली नाही. फोनवरून घेतलेले त्रिशरण-पंचशील खरे का? नामकरण पुन्हा करावे का? आमच्या बाळाचा पहिला सण झालाच नाही, असे समजावे का? हे प्रश्न आज संपलेले नाहीत. कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणाचा जावई सैन्यात सीमेवर आहे, कोणाची लेक परदेशात बाळंत झाली आहे. साथ गेली, पण दूर राहून सण करण्याची पाळी अनेक घरांवर दर वर्षी येते. म्हणून या प्रश्नांचा धम्माच्या दृष्टीने विचार केला पाहिजे.

पहिला प्रश्न शीलाचा. शील ही हातातून हातात देण्याची वस्तू आहे काय? गंडा असता, दोरा असता, तीर्थ असते, तर ते पोचविण्यासाठी हात लागला असता. शील हा निश्चय आहे. तो ज्याचा त्याने करायचा असतो. सांगणारा वाट दाखवितो, चालणारा पाय आपला असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि नंतर स्वतः लाखो लोकांना दीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या अफाट मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या म्हातारीला बाबासाहेबांचा चेहरा दिसला असेल काय? तिच्यापर्यंत पोचला तो ध्वनिक्षेपकाचा आवाज. म्हणून तिची दीक्षा कमी झाली असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आवाज तारेतून आला की हवेतून आला, याला महत्त्व नाही. तो ऐकून माणूस उठला की नाही, याला महत्त्व आहे. तेव्हा ज्यांनी २०२० साली फोनसमोर हात जोडून मनापासून पंचशील घेतले, त्यांनी ते घेतले. पुन्हा विधी करण्याची गरज नाही. गरज आहे ती घेतलेले पाळण्याची.

आजारी पडलेल्या वक्कली भिक्खूची गोष्ट आपल्यातील पुष्कळांना ठाऊक आहे. भगवंताचे दर्शन व्हावे, एवढीच त्याची तळमळ होती. तथागत त्याच्याकडे गेले, त्याची विचारपूस केली, पण या नाशवंत शरीराच्या दर्शनात काय आहे, असेही विचारले. जो धम्म पाहतो तोच मला पाहतो, असा त्या उपदेशाचा आशय आहे. चैत्यभूमीला न जाता आल्याने हळहळणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आठवावी. मात्र तिची दुसरी बाजूही सोडू नये. तथागत आजारी माणसाच्या खाटेपर्यंत चालत गेले होते. ‘दर्शनाची गरज नाही’ हे त्यांनी दूर बसून निरोपाने कळविले नाही. जिथे जाता येते तिथे गेलेच पाहिजे. जाता येत असूनही केवळ आळसाने फोनवर सण उरकणाऱ्याला वक्कलीच्या गोष्टीचा आधार घेता येणार नाही.

दुसरा प्रश्न असा की घरात थांबणे म्हणजे धम्मकार्य थांबणे काय? तसे असते तर वर्षावासाचा नियमच झाला नसता. भिक्खूंनी गावोगाव चारिका करावी, ही तथागतांची आज्ञा. पण पावसाळ्यात फिरण्याने कोवळी पिके तुडवली जातात, बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार आली तेव्हा तीन महिने एका जागी राहण्याचा नियम त्यांनी घालून दिला. दुसऱ्याच्या जिवाला इजा होऊ नये म्हणून आपले पाऊल आवरणे हे धम्माच्या विरुद्ध तर नाहीच, ते धम्माचेच एक अंग आहे. अंगावर पिणाऱ्या लेकराला आणि दम्याने खोकणाऱ्या आजोबांना गर्दीपासून दूर ठेवण्यासाठी ज्या घराने त्या वर्षी आपली हौस मारली, त्या घराने पहिले शील पाळले. त्या बाळाचा पहिला सण झाला नाही असे म्हणू नका. करुणा पाळूनच तो साजरा झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दूर राहून सण करायचा, तर नेमके करायचे काय? याचे उत्तर मला सिगालाच्या कथेत दिसते.

राजगृहात सिगाल नावाचा एक गृहस्थपुत्र होता. रोज सकाळी तो स्नान करून, ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी, हात जोडून पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करीत असे. तथागतांनी विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, मरताना वडिलांनी सांगितले होते. तथागतांनी त्याची टिंगल केली नाही. वडिलांच्या शब्दाचा अपमान केला नाही. पण त्या रिकाम्या दिशांमध्ये त्यांनी माणसे उभी केली. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र व सोबती, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसे, आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-सत्पुरुष. या माणसांविषयीचे कर्तव्य करणे हाच दिशांना नमस्कार.

मोबाईलच्या पडद्यावर सहा चौकोन दिसतात, प्रत्येकात एकेक घर. सगळे हात हलवतात, सगळे एकदम बोलतात, कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही. बाळ रडते आणि फोन बंद होतो. हाही सहा दिशांना नुसता नमस्कारच झाला. त्या चौकोनांतील माणसांविषयी आपले कर्तव्य काय, हे विचारले तरच तो धम्माचा सण होतो.

पूर्व दिशेचे पाहा. गावाकडच्या आजीकडे साधा फोन असतो, त्यात चित्र दिसत नाही. शहरातल्या नातेवाइकांचा व्हिडिओ थाटात होतो आणि आजी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून ऐकते की नातवाचे नाव ठेवले. हा अन्याय आपल्या घरात होऊ देऊ नका. ज्याच्याकडे साधन कमी, त्याला पहिला फोन करा. बाळाचा फोटो कागदावर काढून टपालाने पाठवा. आजीला पडद्यावरचा फोटो उशाशी ठेवता येत नाही, कागदावरचा ठेवता येतो.

कधी कधी आजी फोनवरूनच बाळाची दृष्ट काढू लागते. मुठीत मीठमोहऱ्या घेऊन पडद्यावरून उतरवते. पाचवीला सटवाई पुजली का, हाताला काळा दोरा बांधला का, असे विचारते. येथे तरुण सून-मुलांची दोन टोके होतात. काहीजण आजीचा अपमान करतात. काहीजण ‘म्हातारीचे मन राखू’ म्हणून गुपचूप दोरा बांधतात आणि आपल्या २२ प्रतिज्ञा विसरतात. दोन्ही चूक. सिगालाशी तथागत जसे बोलले तसे बोला. आजी, तुझा जीव बाळात अडकला आहे हे खरे आहे, मोहरीत मात्र काही नाही. बाळाचे रक्षण कशाने होते ते तिला सांगा. त्याच्या लसीचे कार्ड तिला वाचून दाखवा. २०२० च्या टाळेबंदीत लसीकरणाची सत्रे काही काळ विस्कळीत झाली होती, हे विसरू नका. सण फोनवर होतो, पण लस फोनवर होत नाही. ‘नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस दिली का ग?’ हा प्रश्न आजीने विचारावा, म्हणजे तिची माया योग्य जागी लागली. ज्या बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली, त्यांच्या अनुयायांना लेकराच्या जिवाची किंमत वेगळी सांगायला नको.

पश्चिम दिशा म्हणजे बाळाची आई. पहिलटकरणीने माहेरी जावे ही आपली रीत. त्या वर्षी कित्येक लेकींना माहेर मिळाले नाही. ई-पास नाही, गाडी नाही, आईच्या हातची शेकशेगडी नाही. अशा वेळी कित्येक नवऱ्यांनी चूल पेटवली, बाळाचे लंगोट धुतले, रात्री जागून काढल्या. पत्नीचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, घरात तिला अधिकार द्यावा, असे तथागतांनी सिगालाला सांगितले होते. जे प्रवचनाने झाले नाही ते अडचणीने झाले. पण अडचण गेल्यावर ते हात पुन्हा आळशी झाले नाहीत ना, हे प्रत्येक पुरुषाने स्वतःला विचारावे. सणाच्या दिवशी आई स्वयंपाकघरात आणि बाकीचे फोनसमोर, असे चित्र असेल तर तुमची पश्चिम दिशा रिकामीच आहे.

खालची दिशा आपण नेहमी विसरतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या आया-बहिणी दुसऱ्यांकडे धुणीभांडी करीत होत्या. टाळेबंदीत त्यांची कामे सुटली. आता आपल्यातील काहींची घरे सुधारली आहेत, आपल्याकडेही कामाला बाई येते. झेपेल तेवढेच काम द्यावे, पोटापुरते अन्न-वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळेवर सुटी द्यावी, अशी पाच कर्तव्ये त्या उपदेशात सांगितली आहेत. बाळाचा पहिला सण करताना मंडप वाचला, जेवणावळ वाचली, ध्वनिक्षेपकाचे भाडे वाचले. त्या पैशाचे काय केले? तो पैसा खालच्या दिशेला गेला तर दान झाले. फुगे आणि केकावर गेला तर सण फक्त फोटोपुरता झाला.

दक्षिण आणि उत्तर या दिशांविषयी थोडक्यात सांगतो. बाळाचे पुढचे शिक्षण हा गुरुजनांचा आणि सोबत्यांचा विषय आहे. ६ डिसेंबरला हारफुलांऐवजी वही-पेन आणावे, असा उपक्रम आपल्याकडे चालतो. दूर असलेल्या काका-मामांनी फोनवर शुभेच्छांचे चित्र पाठवून मोकळे होऊ नये. बाळाच्या शिक्षणासाठी मी काय करीन, हे एका वाक्यात सांगावे आणि ते बाळाच्या नावाच्या वहीत लिहून ठेवावे. हात हलवलेला विसरता येतो, लिहिलेला शब्द विसरता येत नाही.

राहिली वरची दिशा. तिच्याविषयी एक जुनी घटना सांगतो. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. बाळ दोन महिन्यांचेही झाले नव्हते, तेव्हा २ फेब्रुवारी १९१३ रोजी आजोबा सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोचले. म्हणजे त्या बाळाच्या पहिल्या वर्षात आजोबा नाहीत, बाप समुद्रापलीकडे, घरात माता रमाई आणि गरिबी. ना पडदा, ना आवाज, फक्त पत्र, तेही जहाजाने येणारे. बाबासाहेब १९१७ साली परत आले तेव्हा मूल चार वर्षांचे झाले होते. तेच मूल पुढे भैय्यासाहेब आंबेडकर म्हणून भारतीय बौद्ध महासभेचे नेतृत्व करू लागले. बाप दूर होता, परंतु बाप दूर का आहे, हे त्या घराला ठाऊक होते. अंतर कशासाठी आहे हे ज्या घराला ठाऊक असते, त्या घराला अंतर तोडीत नाही. आज तुमच्या घरातला बाप, काका किंवा मावशी दूर असेल, तर ती कशासाठी दूर आहे, हे मुलाला समजेल तसे सांगा.

आता एका दुःखाविषयी बोलले पाहिजे. २०२० आणि २०२१ मध्ये काही आजी-आजोबा नातवंडाला एकदाही मांडीवर न घेता गेले. त्यांनी नातू पाहिला तो पडद्यावर. त्या घरांना काय सांगावे? सिद्धार्थाच्या जन्मानंतर वृद्ध असित मुनी त्याला पाहायला आले आणि रडले. कथेतले भविष्यकथन सोडून द्या, त्यातला माणूस पाहा. मुलासाठी मी रडत नाही, स्वतःसाठी रडतो, असे ते म्हणाले. हे मूल मोठे होऊन जे करील ते पाहायला मी असणार नाही. प्रत्येक आजोबांचे दुःख हेच असते. पण असित रडून थांबले नाहीत. आपल्या भाच्याला त्यांनी सांगितले की वेळ येईल तेव्हा तू याच्याकडे जा. जे आपल्याला पाहता येणार नाही त्याची जबाबदारी त्यांनी पुढच्याच्या हाती दिली. तुमच्या घरातले जे गेले त्यांचेही काही शब्द असतील. फोनवर नातवासाठी ते काय म्हणाले होते? ‘शिकव त्याला’ एवढेच म्हणाले असतील. तो शब्द बाळाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. श्राद्ध आपण करीत नाही. गेलेल्याचा चांगला शब्द पुरा करणे हेच आपले स्मरण.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. ज्यांच्या घरी यंदा बाळाचा पहिला सण आहे आणि माणसे दूर आहेत, त्यांनी एवढे करावे. एक, वेळ ठरवा आणि सर्व घरांनी त्याच वेळी बुद्धमूर्ती वा प्रतिमा आणि बाबासाहेबांची प्रतिमा यांपुढे मेणबत्ती लावावी. त्रिशरण-पंचशील एकाने सावकाश म्हणावे, बाकीच्यांनी ऐकून मग म्हणावे. दोन, बोलणे थोडे ठेवा. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या बोलण्याचा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. म्हणजे आजीचा आवाज बाळाला चालतो, तासभर चाललेला कार्यक्रम चालत नाही. तीन, बाळाचा फोटो ओळखी-अनोळखी शंभर ठिकाणी पाठवू नका. मूल हे प्रदर्शनाची वस्तू नाही. चार, वाचलेल्या खर्चातून दान द्या आणि त्याचा गाजावाजा करू नका.

आणि वाट मोकळी झाली की बाळाला उचला, लोकल पकडा, देहूरोड स्टेशनवर उतरा आणि विहारात या. मूल चार वर्षांचे झाले असेल, सहा वर्षांचे झाले असेल, काही बिघडत नाही. २५ डिसेंबर दर वर्षी येतो. मूर्तीपुढे त्याला उभे करून सांगा की बाळा, तुझा पहिला सण घरात झाला, कारण त्या वर्षी आपण दुसऱ्यांचा जीव सांभाळला. ही मूर्ती येथे बसविणाऱ्याने आपल्याला ग्रंथ दिला, शील दिले, माणूसपण दिले. ते सांभाळायला जवळ किंवा दूर असण्याची अट नाही.

सहा दिशांना तोंड करून हात जोडणे सोपे आहे. सहा दिशांच्या माणसांचे देणे फेडणे कठीण आहे. तुमच्या बाळाच्या पहिल्या सणाला त्यातले एक तरी देणे फिटो.

नमो बुद्धाय! जय भीम!